पंचांचा निर्णय अंतिम राहील

एम.ए.च्या वर्गात पाठचिकित्सा शिकवण्याची वेळ आली की आम्हा तिघांनाही थोडी धास्तीच वाटते. (आम्ही म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातल्या दोन महाविद्यालयांत मराठी शिकवणारे तिघे, हा लेख तिघांच्या बोलण्यातून झाला आहे, म्हणून येथील 'आम्ही' हे आदरार्थी नसून खरेखुरे अनेकवचन आहे.) विषय अवघड आहे म्हणून ही धास्ती नाही. एका शब्दाचे दोन पाठ मिळाले तर कोणता स्वीकारावा, या प्रश्नाशी आपल्या जगण्याचा काय संबंध, असा भाव समोरच्या चेहऱ्यांवर उमटतो आणि तो पुसणे कठीण जाते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, हे सांगितले की मुले वहीत सन टिपून घेतात. नाथांना हे करावेसे का वाटले असेल, हे विचारले की वर्ग खिडकीबाहेर पाहू लागतो.

लीळाचरित्राची गोष्ट यापेक्षा थोडी बरी रंगते. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा हिंडून-फिरून गोळा केल्या. पुढे मूळ पोथी परचक्राच्या धामधुमीत नाहीशी झाली, असे परंपरा सांगते. आणि मग ज्यांनी ती ऐकली, पाठ केली, त्यांच्या आठवणीतून ग्रंथ पुन्हा उभा राहिला. आठवणी अर्थातच एकसारख्या निघाल्या नाहीत. महानुभावांनी त्यावर जो उपाय केला तो आम्हाला आजही थक्क करतो. त्यांनी एक आठवण खरी आणि दुसरी खोटी असा निवाडा दिला नाही. एकाची आठवण अशी, दुसऱ्याची तशी, असे नावानिशी नोंदवून ठेवले. या आठवणीतल्या पाठाला त्यांनी शब्द वापरला तो 'वासना'. वर्गात या शब्दावर हशा पिकतो, पण तो ओसरल्यावर एखादी मुलगी हमखास विचारते, "पण सर, खरं काय घडलं होतं मग?"

या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी अलीकडे आम्ही कबड्डीच्या मैदानाची वाट धरतो. आमच्या वर्गातली निम्मी मुले कधी ना कधी कबड्डी खेळलेली असतात, आणि उरलेल्यांनी ती पडद्यावर पाहिलेली असते. खेळात दोन वासना शेजारी शेजारी ठेवण्याची सोय नसते. गुणफलकावर एकच आकडा लागतो. म्हणूनच 'खरं काय घडलं' हा प्रश्न तिथे जितका धारदार होतो तितका तो आमच्या विषयात क्वचितच होतो.

त्यासाठी आम्ही जे उदाहरण घेतो ते ७ ऑक्टोबर २०२३ चे, चीनमधल्या हांगझोऊचे. आशियाई क्रीडास्पर्धेतला पुरुषांच्या कबड्डीचा अंतिम सामना, भारत विरुद्ध इराण. याला मागचा संदर्भ होता. १९९० मध्ये बीजिंगला कबड्डी आशियाई स्पर्धेत आली तेव्हापासून पुरुषांचे सुवर्णपदक भारताने कुणाला दिले नव्हते. २०१८ मध्ये जकार्त्याला इराणने उपान्त्य फेरीत भारताला हरवले आणि ती साखळी तुटली. हांगझोऊला त्याचा हिशेब व्हायचा होता. सामना संपायला मिनिटभराहून जरासा अधिक वेळ उरला असताना गुण झाले २८–२८. भारताचा कर्णधार पवन सेहरावत चढाईला गेला. चढाई 'करो या मरो' होती, म्हणजे रिकाम्या हाताने परतला तर बाद.

पुढे जे घडले ते समजायला मैदानाची एक पट्टी समजली पाहिजे. कबड्डीच्या अंगणाच्या दोन्ही कडांना एक-एक मीटरची पट्टी असते. मराठी नियमपुस्तकांत तिला 'राखीव क्षेत्र' म्हणतात, मुले 'लॉबी' म्हणतात. स्पर्श झाला, झटापट सुरू झाली, की ही पट्टी अंगणाचा भाग होते. तोवर ती अंगणाबाहेर असते. म्हणजे तीच जमीन एका क्षणी बाहेर असते आणि दुसऱ्या क्षणी आत, आणि ती आत की बाहेर हे जमिनीवरून ठरत नाही, दोन देहांच्या स्पर्शावरून ठरते. (इतकी सुंदर तरतूद कोणत्या नियमकर्त्याला सुचली असेल, याचे आम्हाला कुतूहल आहे.) पवन कुणालाही स्पर्श न करता त्या पट्टीत गेला. त्याला धरायला इराणचे बचावपटू त्याच्यामागे त्याच पट्टीत शिरले.

आता निवाडा काय? जुन्या नियमाप्रमाणे, स्पर्श झाला नसताना जो जो लॉबीत गेला तो तो बाद. म्हणजे पवन बाद, आणि मागोमाग गेलेले चौघेही बाद. इराणला एक गुण, भारताला चार. प्रो कबड्डीमुळे प्रेक्षकांच्या आणि खेळाडूंच्या अंगवळणी पडलेल्या नव्या नियमाप्रमाणे मात्र चढाई करणारा स्वतःहून लॉबीत गेला की चढाई तिथेच संपली. मागे कोण गेले याला अर्थ नाही. पंचांनी आधी दोन्ही संघांना एक-एक गुण दिला. भारताने हरकत घेतली, निर्णय बदलला. इराणने हरकत घेतली, पुन्हा बदलला. खेळाडू मॅटवर बसून राहिले. अधिकारी, प्रशिक्षक, पंच यांचा घोळका झाला, आणि घड्याळात मिनिटभराचा खेळ शिल्लक असताना सुमारे तासभर खेळ थांबला. अखेरीस भारताला चार आणि इराणला एक गुण मिळाला. उरलेला वेळ खेळून भारताने सामना ३३–२९ असा जिंकला.

वर्गात आम्ही येथे थांबतो आणि विचारतो : चित्रफीत पुन्हा पाहून काय कळले? मुले गोंधळतात, कारण खरे उत्तर 'सगळे कळले' असेच आहे. पवनचा पाय कुठे पडला, कोण मागे गेले, हे पुन्हा पुन्हा, मंद गतीने, हव्या त्या कोनातून पाहता येत होते. वाद घटनेबद्दल उरलाच नव्हता. वाद होता तो घटना कोणत्या नियमाने वाचायची याबद्दल. संहिता एक, तिच्यात पाठभेद नाही, अक्षर अन् अक्षर स्वच्छ. आणि तरीही दोन अर्थ, दोन्ही आपापल्या नियमाला धरून. कॅमेऱ्याने पाठभेद मिटवला, अर्थभेद तसाच ठेवला. फेरतपासणीमुळे वाद मिटतात असा जो सर्वसाधारण विश्वास आहे तो येथे डळमळतो. कारण संशय डोळ्यांवर असेल तर पुन्हा पाहून उपयोग, वाचण्याच्या रीतीबद्दल असेल तर हजारदा पाहूनही नाही.

जाता जाता एक गोष्ट सांगायला हवी. त्या दिवशी इराणच्या बाजूने खेळलेला मोहम्मदरेझा शादलुई आणि भारतीय संघात असलेला अहमदनगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार, हे दोघे पुढच्या काही महिन्यांतच पुणेरी पलटणच्या एकाच रंगाच्या सदऱ्यात होते आणि १ मार्च २०२४ रोजी त्या संघाने प्रो कबड्डीचे विजेतेपद मिळवले, तेव्हा कर्णधार अस्लमच होता. राष्ट्रांचे भांडण मॅटवरच राहिले, याचे आम्हाला बरे वाटते. पण त्याहून महत्त्वाचे असे की दोन्ही बाजूंचे खेळाडू एकाच स्पर्धेत वाढले होते, एकाच नियमावलीला सरावले होते. अपरिचयातून झालेला हा वाद नव्हे.

हांगझोऊचा वाद निदान दिसणारा होता. कबड्डीत एक गोष्ट अशी आहे की ती मुळात दिसतच नाही, आणि आमच्या जिल्ह्यातले बहुतेक वाद त्या गोष्टीवरून होतात. ती म्हणजे दम.

मराठीत या एका शब्दाने किती कामे केली आहेत ते पाहावे. दम लागतो, दम धरतो, दम देतो, दम निघतो, दम खातो. श्वास, धीर, धाक आणि विसावा हे चारही अर्थ त्यात नांदतात. महाराष्ट्रात हा खेळ जेव्हा हुतूतू म्हणून खेळला जात होता, तेव्हा चढाईचे घड्याळ म्हणजे दम होता. एका श्वासात जेवढे बोलता येईल तेवढा वेळ तुझा. ज्याची छाती मोठी त्याचे घड्याळ मोठे. वेळ बाहेरून मोजला जात नव्हता, तो खेळाडूच्या आत होता, आणि तो संपला की नाही हे कळण्यासाठी त्याला तो सतत मोठ्याने जाहीर करावा लागत होता. दुसऱ्या कोणत्याही खेळात खेळाडू स्वतःच्या वेळाची घोषणा स्वतः करतो असे आम्हाला आठवत नाही. बचाव करणारे सात जण, पंच आणि कुंपणाशी उभा असलेला गाव, सगळे एकच गोष्ट ऐकत असत : आवाज तुटतो का?

दमाचा नियम आजही पुस्तकात आहे. 'कबड्डी' हा शब्द एका दमात, स्पष्ट आणि अखंड उच्चारला पाहिजे. प्रतिपक्षाच्या अंगणात दम तुटला तर चढाई करणारा बाद. पण त्याच्याशेजारी आता तीस सेकंदांचे घड्याळ येऊन बसले आहे. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली आणि तीसपासून उलट मोजत जाणारा तो आकडा घराघरांतल्या पडद्यावर दिसू लागला. त्याचे फायदे आम्ही नाकारत नाही. खेळ वेगवान झाला, रेंगाळणे कमी झाले, यवतमाळातल्या शाळकरी पोरांनाही चढाईची वेळ किती हे तोंडपाठ झाले. मात्र प्रेक्षकांच्या गजरात आणि समालोचनाच्या भडिमारात खेळाडूचा दम पडद्यावर ऐकू येत नाही, आणि जे ऐकू येत नाही त्याच्याबद्दल फेरतपासणीही कुणी मागत नाही. संघ फेरतपासणी मागतो ती स्पर्शासाठी, बोनस रेषेसाठी, पाय रेषेवर पडला की पलीकडे यासाठी. हा खेळ अर्धा कानाचा होता. तो पाहता पाहता पूर्ण डोळ्यांचा झाला.

१९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आमच्या शेजारच्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने परक्या प्रेक्षकांसमोर हा खेळ करून दाखवला होता. त्या जर्मन प्रेक्षकांना काय दिसले असेल याची कल्पना करता येते. धरपकड, निसटणे, झेप. त्यांनी काय ऐकले असेल आणि त्या अखंड पुटपुटण्याचा त्यांनी काय अर्थ लावला असेल, याचा विचार आम्हाला जास्त रंजक वाटतो.

बाहेरचे घड्याळ आले म्हणून वाद संपत नाहीत, हे विदर्भातल्या माणसाला सांगावे लागू नये. त्याने शंकरपट पाहिलेला असतो. आमच्याकडचा शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. पण पश्चिम महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यतीचे जे चित्र लोकांच्या डोळ्यांसमोर असते त्याहून आमच्या पटाची तऱ्हा वेगळी. येथे जोडीची खरी लढत घड्याळाशी असते. कोणत्या जोडीने अंतर किती सेकंदांत कापले आणि सेकंदाच्या पुढचे बारीक आकडे काय, यावर बक्षीस ठरते. सुटण्याच्या जागी एक माणूस, संपण्याच्या जागी एक माणूस, आणि कुणाच्या तरी अंगठ्याखाली घड्याळाची कळ. धावण्याच्या शर्यतीत हाताने मोजलेली वेळ यंत्राच्या वेळेशी जुळवताना १०० मीटरसाठी ०.२४ सेकंद मिळवण्याचा प्रघात आहे, कारण माणसाचा अंगठा पिस्तुलाच्या आवाजाच्या तेवढा मागे राहतो. पटात दोन जोड्यांमधले अंतर याहून कितीतरी कमी असू शकते. म्हणजे पहिला आणि दुसरा क्रमांक बैलांच्या पायांनी लावला की घड्याळवाल्याच्या अंगठ्याने, हा प्रश्न धुरकऱ्याने विचारला तर त्याला उद्धट म्हणता येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या ७ मे २०१४ च्या निकालाने पट बंद पडला. १६ डिसेंबर २०२१ ला महाराष्ट्रात पुन्हा परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्यांचे कायदे वैध ठरवले. सात-साडेसात वर्षे घड्याळे थांबली होती. प्राण्यांच्या हालांचा जो प्रश्न न्यायालयापुढे होता तो मोठा आहे आणि या लेखाच्या आवाक्यातला नाही. पण पट पुन्हा सुरू झाला तेव्हा अनेक ठिकाणी अंगठ्याच्या जागी यंत्र आले होते, आणि लोकांनी मग यंत्राच्या आकड्यावरही हरकती घेतल्या. अंगठ्यावर संशय घेणारा माणूस यंत्रावरही संशय घेतो. फक्त आता भांडायला समोर कुणी सापडत नाही.

अमेरिकेत त्यांच्या पद्धतीच्या फुटबॉलमध्ये हेच दुखणे फार श्रीमंत स्वरूपात आढळते. तिथे चेंडू मैदानाबाहेर गेला की घड्याळ थांबते, त्यामुळे एकेका सेकंदाला मोल. ५ डिसेंबर २००९ रोजी टेक्सास आणि नेब्रास्का या विद्यापीठांचा सामना चालू होता. नेब्रास्का १२–१० अशी पुढे होती. टेक्ससच्या खेळाडूने चेंडू बाहेर फेकला आणि घड्याळ शून्यावर आले. नेब्रास्काची माणसे मैदानात धावली. मग चित्रफीत पाहून पंचांनी सांगितले की चेंडू बाहेर पडला तेव्हा एक सेकंद उरला होता. तो सेकंद घड्याळात परत घालण्यात आला आणि त्या परत आलेल्या सेकंदात टेक्ससने लाथेने चेंडू दांड्यांमधून घालून १३–१२ असा सामना जिंकला. संपलेला काळ परत आणून त्यात खेळणे, ही कल्पना आमच्या पुराणांनाही नवी नाही. पण तेथे त्यासाठी वरदान लागत असे.

आणि क्रिकेट? दूरचित्रवाणीच्या पंचाने ज्याला पहिल्यांदा बाद ठरवले तो फलंदाज मराठी, हे बहुतेकांना ठाऊक असते. १४ नोव्हेंबर १९९२, डर्बन, जाँटी ऱ्होड्सची फेक, आणि एकोणीस वर्षांचा सचिन तेंडुलकर धावबाद. आमच्या विद्यार्थ्यांना मात्र हे नव्याने सांगावे लागते की त्याचे वडील रमेश तेंडुलकर हे मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयात मराठी शिकवत, कविता लिहीत. जगातला पहिला 'फेरवाचनाने बाद' झालेला फलंदाज एका मराठीच्या प्राध्यापकाचा मुलगा निघावा, हा योगायोग आमच्या व्यवसायाला शोभणारा आहे. याहून अधिक अर्थ त्यात आम्ही काढत नाही.

आता आमच्या घराजवळची गोष्ट. दिवाळीनंतर, कापसाची पहिली वेचणी हातावेगळी झाली की जिल्ह्यात गावोगाव कबड्डीचे सामने भरतात. हँडबिले लागतात. बक्षिसांची रक्कम, देणाऱ्यांची नावे, प्रवेश फी, आणि तळाशी एक ओळ, जी आम्ही लहानपणापासून वाचत आलो : पंचांचा निर्णय अंतिम राहील. भाषेचे शिक्षक म्हणून आम्हाला ही ओळ आवडते. 'बरोबर असेल' असे ती म्हणत नाही. ती फक्त 'अंतिम' म्हणते. पंच चुकू शकतो हे तिला ठाऊक आहे. तरी कुणीतरी कुठेतरी थांबले पाहिजे, एवढेच तिचे मागणे. शब्दही पाहावेत : पंच, सरपंच. हे न्याय करणाऱ्या गावाचे शब्द, खेळाने उसने घेतलेले. ज्याला निवाडा मान्य नाही त्यालाही उद्या त्याच पाणवठ्यावर यायचे आहे, हे गृहीत धरून बनलेले.

काही वर्षांपूर्वी अशाच एका सामन्यात आमचा एक विद्यार्थी चढाईला होता. गाव आणि आयोजक यांची नावे सांगण्याचे प्रयोजन नाही. उपान्त्य फेरी, दोन गुणांचा फरक, शेवटची मिनिटे. त्याने एकाला स्पर्श केला आणि मध्यरेषेकडे झेपावला. हात रेषेला लागला. पंचांनी शिटी वाजवून त्यालाच बाद दिले. दम आधीच तुटला होता, असे त्यांचे म्हणणे. मुलगा हमसून हमसून सांगत होता, "सर, माहा दम नाही तुटला. म्या सोडलाच नाही." बघणाऱ्यांपैकी चौघांनी मोबाईलवर चित्रण केले होते. चारही पडद्यांभोवती माणसांचे झुबके जमले. स्पर्श दिसत होता, रेषेला लागलेला हात दिसत होता, मुलाचे ओठसुद्धा एका चित्रणात हलताना दिसत होते. आवाज म्हणून जो काही होता तो ध्वनिक्षेपकावरच्या समालोचकाचा. तो त्या वेळी देणगीदारांची नावे घेत होता.

पंच निवृत्त क्रीडाशिक्षक होते. त्यांनी एकाही मोबाईलकडे पाहिले नाही. लोक चिडले, कुणी त्यांना विकले गेलेले म्हटले, कुणी म्हातारा बहिरा झाला असे म्हटले. ते एवढेच म्हणाले, "मी त्याच्यापासून दोन हातांवर होतो. तुम्ही सारे पाहून राहिले होते. मी ऐकून राहिलो होतो."

या वाक्यावर आम्हा तिघांत आजही एकमत नाही. एकाला ते अढळ सचोटीचे वाटते. दुसरीचे म्हणणे असे की पडताळून पाहता न येणारा पुरावा म्हणजे सत्ता. जो ऐकले म्हणतो त्याच्यापुढे बाकीच्यांनी मान तुकवायची, ही रीत गावात फार जुनी आहे आणि तिने कुणाकुणाला गप्प बसवले याचा इतिहास सुखद नाही. 'पंच' या शब्दाच्या गोडव्यात तो इतिहास विसरू नये, असा तिचा आग्रह असतो, आणि तो योग्य आहे. पंचायतीत ज्यांना बसायला जागा नव्हती, त्यांना कॅमेरा हा पहिला निःपक्ष साक्षीदार वाटला तर त्यात नवल नाही. तिसऱ्याला वाटते की दोघेही खेळाबद्दल बोलतच नाहीत. ध्वनिक्षेपक चढाईपुरता बंद ठेवला असता तर साऱ्या गावाने दम ऐकला असता आणि पंचाला एकट्याला साक्षीदार व्हावे लागले नसते. जुन्या काळी पंचाचा शब्द टिकत होता तो त्याच्या एकट्याच्या कानांवर नव्हे. त्याने जे ऐकले ते इतरांनीही ऐकलेले असे.

आम्ही हा वाद इतका ताणतो याचे कारण तो निव्वळ तात्त्विक नाही. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. ते मिळायचे तर वरच्या स्तरावर खेळल्याचे, क्रमांक मिळवल्याचे प्रमाणपत्र लागते. आणि तिथे जाण्याची वाट अशाच सामन्यांतून, कुणाच्या तरी नजरेत भरण्यातून जाते. कोरडवाहू पाच एकर, कापूस आणि तूर, दोन भावंडे, एवढे मागे असलेल्या मुलासाठी एक चढाई म्हणजे पोलीस भरतीतली जागा असू शकते. त्या रात्री निवडीसाठी चांगले खेळाडू हेरायला आलेली दोन माणसे कठड्याशी बसली होती. ती अंतिम सामन्यापर्यंत थांबली. आमचा मुलगा अंतिम सामन्यात नव्हता. त्यामुळेच त्याची संधी गेली, असे म्हणणे धाडसाचे होईल. गेली नाही, असेही आम्ही छातीठोकपणे म्हणणार नाही.

मुलाने पुढे एम.ए. केले. पाठचिकित्सेच्या तासाला लीळाचरित्रातल्या वासनांची गोष्ट निघाली तेव्हा तो हसणाऱ्यांत नव्हता. त्याने एकच शंका काढली : ज्याच्याबद्दल लीळा आहे त्याची स्वतःची आठवण कुठे नोंदली आहे का? आम्ही वि. भि. कोलते यांची १९७८ ची आवृत्ती काढून बसलो, आणि मग लक्षात आले की तो चक्रधरांबद्दल विचारत नव्हता.

हल्ली तो गावातल्या शाळेच्या पटांगणावर संध्याकाळी लहान मुलांना कबड्डी शिकवतो. पगार नाही, शाळेने मैदान दिले एवढेच. मागच्या हिवाळ्यात आम्ही गेलो तेव्हा वीसेक पोरे एका रांगेत उभी होती आणि चढाई, पकड काहीच चालले नव्हते. नुसता दम. एकेकाने पुढे यायचे, डोळे मिटायचे आणि 'कबड्डी कबड्डी' म्हणत सुटायचे. बाकीच्यांनी तोंड फिरवून, पाठ करून उभे राहायचे आणि आवाज तुटला की हात वर करायचा. सगळ्यांचे हात एकाच वेळी वर जात नव्हते. कुणाचा आधी, कुणाचा नंतर, एक-दोघांचा मुळीच नाही. मग तो ज्याचा हात आधी वर गेला त्याला विचारी, "तुले काय ऐकू आलं?" आणि ज्याचा गेलाच नाही त्यालाही विचारी. अंधार पडत आला तरी पोरे तावातावाने सांगत होती.